एकाच मुलावर केलेला अभ्यास संशोधन म्हणून चालतो का? गाइड विचारतात, ‘तुलनेचा गट कुठे आहे?’

चालतो. पण तुमच्या गाइडचा आक्षेप अगदीच टाकाऊ नाही, म्हणून आधी तोच घेते. तुम्ही विशेष शिक्षणात एम.एड. करताय, वर्गात सारखा जागेवरून उठणाऱ्या एका स्वमग्न मुलावर काम करायचंय, आणि गाइड म्हणतात, “एकावर संशोधन होत नसतं. तीस मुलं घ्या, पंधरा-पंधराचे दोन गट पाडा, टी-टेस्ट (दोन गटांच्या सरासरीतला फरक तपासणारी चाचणी) लावा.”

एकाच वयाची, साधारण सारखं बोलणारी आणि सारख्याच कारणाने जागेवरून उठणारी तीस मुलं एका गावात आणायची कुठून, हे गाइडनाच विचारा असं लिहिणार होते. पण हा युक्तिवाद लंगडा आहे. ‘मुलं मिळेनात म्हणून एकावर भागवलं’ असं म्हणालात की व्हायवात (तोंडी परीक्षेत) गेलातच समजा. एकल-व्यक्ती अभिकल्प, म्हणजे एकाच व्यक्तीवरच्या प्रयोगाची मांडणी, ही नाइलाजाने केलेली सोय नव्हे. त्यात तुलना असते आणि चांगली कडक असते, फक्त त्या मुलाची त्याच्याशीच असते.

माझीच फजिती सांगते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडे असाच एक आठ वर्षांचा मुलगा होता. देवळाबाहेर जपासाठी मिळतो तो अंगठीसारखा काउंटर बोटात घालून मी त्याचं उठणं मोजायचे. (आजही तोच वापरते. मुलांना कळत नाही आणि पालकांना वाटतं बाई भाविक आहेत.) चाळीस मिनिटांच्या तासिकेत पहिले पाच दिवस आकडे आले १४, १६, १५, १३, १६. सोमवारपासून स्टिकर सुरू केले. पाच मिनिटं बसला की एक स्टिकर, चार झाले की झोपाळा. आठवडा संपेपर्यंत गडी सहावर आला. मी पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. तेवढ्यात त्याची आई सहज बोलून गेली, “मॅडम, सोमवारपासून डॉक्टरांनी गोळी बदललीय.”

म्हणजे उठणं कमी झालं ते स्टिकरमुळे की गोळीमुळे? मला सांगता येईना. आधी मोजा, उपाय करा, नंतर मोजा, या मांडणीला ए-बी म्हणतात. ए म्हणजे बेसलाइन (उपायाविना केलेली मोजणी), बी म्हणजे उपाय. एवढ्याने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये (संशोधनाच्या आराखड्यात) एवढंच असेल तर गाइड बरोबर आहेत. मात्र हेच ए-बी तुलनेच्या गटाशिवाय तीस मुलांवर केलं तरी ते तितकंच कच्चं राहतं. खोट मुलांच्या संख्येत नाही.

मग नीट मांडणी कशी असते? १९६८ साली अमेरिकेत ‘जर्नल ऑफ अप्लाइड बिहेवियर अ‍ॅनॅलिसिस’ हे वर्तनावरच्या संशोधनाचं नियतकालिक सुरू झालं. त्याच्या पहिल्याच अंकात हॉल, लुंड आणि जॅक्सन यांचा एक अभ्यास आहे, कॅन्सस सिटीच्या अतिशय गरीब भागातल्या शाळांमधला. त्यातला तिसरीतला रॉबी मला आपल्या कुठल्याही वर्गात शेवटच्या बाकावर दिसतो. रबरबँड ताणून सोडायचा, खिशातली खेळणी काढायची, शेजाऱ्याशी खिदळायचं, सकाळी मिळालेलं दूध घोट-घोट करत तासभर पुरवायचं आणि मग रिकाम्या खोक्याशी खेळत बसायचं. निरीक्षक दर दहा सेकंदांच्या चौकटीत रॉबी अभ्यास करतोय की नाही याची खूण करायचे. अर्ध्या तासाच्या अशा १८० चौकटी होतात. बेसलाइनला त्याचा अभ्यास सरासरी २५ टक्के होता. आणि गंमत म्हणजे बाईंचं लक्ष त्याच्याकडे जायचं ते जास्त करून तो अभ्यास करत नसतानाच, “ठेव ते”, “लिही बघू” म्हणायला.

उपाय फार साधा होता. रॉबीने सलग एक मिनिट अभ्यास केला की निरीक्षक बाईंना खूण करायचे. बाई जवळ जाऊन “छान काम करतोयस” म्हणायच्या. बाकी वेळ दुर्लक्ष. अभ्यास सरासरी ७१ टक्क्यांवर गेला. इथे थांबले असते तर तेही माझ्यासारखेच अडकले असते. पण त्यांनी बाईंना शाबासकी बंद करायला सांगितली. आकडा सरासरी ५० टक्क्यांवर उतरला. पुन्हा सुरू केली, तो ७० ते ८० च्या दरम्यान जाऊन स्थिरावला. ही ए-बी-ए-बी मांडणी.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकदा गाठ पडते. पण कावळा उडवला की फांदी सांधते आणि पुन्हा बसवला की पुन्हा तुटते, आणि कावळा कधी बसवायचा ते मी ठरवतेय, असं असेल तर योगायोगाची ढाल चालत नाही. शिक्षणातलं संशोधन पारखणाऱ्या अमेरिकेतल्या व्हॉट वर्क्स क्लिअरिंगहाउसच्या २०१० च्या निकषांत हेच आकड्यात बसवलंय. परिणाम निदान तीन वेगवेगळ्या वेळी दिसला पाहिजे, आणि पूर्ण मान्यतेसाठी प्रत्येक टप्प्यात निदान पाच नोंदी हव्यात. तुमचे गाइड आकड्यांचे भोक्ते दिसतात, त्यांना हे आकडे द्या.

मीही मग स्टिकर थांबवले. गोळी तीच, झोपाळा कारणाशिवाय सगळ्यांसारखाच. आई चिडल्या, “बरं चाललंय ते मुद्दाम कशाला मोडायचं?” चारच दिवस मागितले आणि वहीतला आलेख त्यांच्यापुढे ठेवला. आकडे आले ९, ११, १२, १२. गोळीचंच काम असतं तर ते सहाच्या आसपास राहिले असते. स्टिकर परत आणल्यावर तिसऱ्या दिवशी पाच. गोळीचा काहीच वाटा नव्हता असं मी म्हणत नाही, बारा म्हणजे पंधरा नव्हे. पण स्टिकरचा होता हे ठामपणे सांगता आलं. (चारच नोंदी घेतल्या, म्हणजे वरच्या निकषात माझा तो टप्पा अर्धवटच बसतो, हेही सांगून टाकते.)

उपाय असा मागे घेणं प्रत्येक वेळी चालत नाही. मूल डोकं आपटत असेल आणि ते थांबलं असेल, तर सिद्धतेसाठी पुन्हा आपटू द्यायचं का? अजिबात नाही. आणि वाचायला शिकलेलं मूल शिकवणं बंद केलं म्हणून वाचणं विसरत नाही, तिथे ए-बी-ए-बीला अर्थच उरत नाही. अशा वेळी मल्टिपल बेसलाइन. त्याच पहिल्या अंकात बेअर, वुल्फ आणि रिस्ली यांनी ही मांडणी समजावलीय. तीन मुलं, किंवा एकाच मुलाची तीन वर्तनं किंवा तीन ठिकाणं घ्यायची. मोजणं तिन्हींकडे एकदम सुरू करायचं, उपाय मात्र पाळीपाळीने. पहिल्यावर सहाव्या दिवशी, दुसऱ्यावर अकराव्या, तिसऱ्यावर सोळाव्या. बदल गणपतीच्या सुट्टीमुळे झाला असेल तर तिन्ही रेषा एकदम हलतील. प्रत्येक रेषा आपापल्या दिवशीच हलली, तर हलवणारे तुम्ही.

यातही एक खड्डा आहे आणि मी त्यात पडलेय. रडण्याऐवजी ‘मदत’ लिहिलेलं कार्ड दाखवायला तीन मुलांना शिकवत होते, तिघं एकाच टेबलाशी. पहिल्याला शिकवून तीन दिवस झाले नाहीत तो दुसऱ्याने शेजाऱ्याचं कार्ड उचलून माझ्या नाकासमोर धरलं! शिक्षिका म्हणून मी हसत सुटले, संशोधनाची मात्र वाट लागली, कारण दुसऱ्याची रेषा त्याची पाळी येण्याआधीच वर गेली. मुलं वेगवेगळ्या वर्गांतली निवडा.

बाकीचे प्रकार, म्हणजे निकष पायरी-पायरीने वाढवत नेणं किंवा दोन उपाय आलटून-पालटून वापरणं, तुमच्या विषयाला लागत नाहीत. मोजणीबद्दल मात्र आळस नको. निदान २० टक्के सत्रांत, आणि तीही प्रत्येक टप्प्यात, दुसऱ्या कुणीतरी स्वतंत्रपणे मोजायला हवं आणि दोघांचा मेळ ८० टक्क्यांच्या खाली जाता कामा नये. त्यासाठी ‘उठणं’ म्हणजे काय ते आधी लिहून ठेवा. ढुंगण खुर्चीपासून सुटलं की मोजायचं, का पाऊल पडल्यावर? माझ्या मदतनीस ताई आणि मी पहिल्या दिवशी ६० टक्क्यांवर होतो. खुर्चीवर गुडघे टेकून बसणं त्या धरत होत्या, मी नव्हते.

राहिला ‘एकावरून सगळ्यांना कसं लागू करणार?’ हा प्रश्न. एका अभ्यासावरून नाहीच करायचं, तसा दावा प्रबंधात चुकूनही करू नका. सगळ्यांना लागू करण्याचा आधार वेगवेगळ्या अभ्यासांत तोच परिणाम पुन्हा पुन्हा दिसल्यावर मिळतो. हॉर्नर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये विशेष शिक्षणासाठी जी पट्टी सुचवली त्यात निदान ५ अभ्यास, ३ वेगवेगळे संशोधक वेगवेगळ्या ठिकाणचे, आणि सगळे मिळून निदान २० व्यक्ती असं आहे. तुमचा मुलगा त्या वीसांतला एक. शिवाय गटाच्या सरासरीने प्रश्न सुटतो असंही नाही. पंधरांची सरासरी तीनने सुधारली तरी त्यातली चार मुलं आणखी बिघडलेली असू शकतात, आणि ती चार कोणती ते सरासरी सांगत नाही. मानसशास्त्रज्ञ मरे सिडमन यांनी १९५२ मध्येच दाखवलं होतं की गटाच्या सरासरीची वक्ररेषा गटातल्या एकाही व्यक्तीची नसेल असं होऊ शकतं. व्हायवात हे नाव उपयोगी पडेल.

सिनॉप्सिस बदलताना ‘केस स्टडी’ हा शब्द काढून टाका, निम्मा वाद त्यामुळेच होतो. केस स्टडीत घडलेलं वर्णन करतात, तुम्ही घडवून पाहणार आहात. मूल एकच असेल आणि पालक निदान पाच दिवस उपाय थांबवायला तयार असतील तर ए-बी-ए-बी घ्या, त्यांची लेखी संमती आधीच घेऊन ठेवा, आणि घरी औषध, झोप, पाहुणे काहीही बदललं तर त्याच दिवशी कळवायला सांगा. आलेख काढताना टप्प्यांमधल्या उभ्या रेषेच्या आरपार ठिपके जोडू नका, एक्सेल आपणहून जोडतं. बाहेरून आलेले परीक्षक पहिली हीच चूक पकडतात.