एकाही टिकलीने रंग बदलला नाही

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. उत्क्रांतीचा पाठ संपल्यानंतरही ‘जिराफाने मान ताणली म्हणून ती लांब झाली’ असेच उत्तर बरेच विद्यार्थी लिहितात. वर्गात करून पाहता येईल असा एखादा उपक्रम सुचवाल का? आणि ‘हा तर खेळ झाला, पुरावा कुठे आहे?’ असे कोणी विचारल्यास काय सांगावे?

उत्तर : आपल्या विद्यार्थ्यांची चूक तशी प्रतिष्ठित आहे, फ्रेंच निसर्गवैज्ञानिक लामार्क यांनी १८०९ मध्ये जवळपास हेच मांडले होते. तेव्हा ती नुसती खोडून काढण्यापेक्षा मुलांना आपल्या हाताने तपासू द्यावी.

पाच रंगांच्या कागदांतून प्रत्येकी वीस, अशा एकूण शंभर सारख्या आकाराच्या टिकल्या कापून घ्या आणि दाट नक्षीच्या कापडावर विखरून टाका. पाच विद्यार्थी ‘पक्षी’ होतील. प्रत्येकाने पाठ फिरवून उभे राहायचे, वळताक्षणी जी टिकली प्रथम दिसेल ती उचलायची आणि पुन्हा पाठ फिरवायची. प्रत्येकाच्या पंधरा टिकल्या झाल्या की थांबायचे. कापडावर उरलेल्या पंचवीस टिकल्यांपैकी प्रत्येकीला त्याच रंगाच्या तीन ‘पिल्लां’ची जोड दिली, की पुन्हा शंभर भरतात. अशा तीन-चार पिढ्या करून दर वेळी रंगनिहाय मोजणी फळ्यावर लिहावी. मात्र पहिली टिकली उचलण्यापूर्वी प्रत्येकाने आपला अंदाज कारणासह वहीत लिहिलेला असावा. नंतर ‘मला हे आधीच वाटले होते’ म्हणण्याची सोय ठेवू नये.

मोजणी पूर्ण झाल्यावर एकच प्रश्न विचारा : यांपैकी कोणत्या टिकलीने आपला रंग बदलला? एकाही टिकलीने बदललेला नसतो, तरीही समूहाचा रंग बदललेला असतो. रंगांतील भेद निवड सुरू होण्याआधीपासूनच होते, हे मुलांच्या लक्षात आले की जिराफाकडे परत जावे.

दुसऱ्या तासाला हाच उपक्रम डोळे बांधून करायला लावा. बहुतेक शिक्षक हा भाग वेळेअभावी गाळतात, आणि माझ्या मते तोच सर्वांत मोलाचा आहे. निवड करणारी नजरच नसल्यामुळे रंगांचे प्रमाण जसेच्या तसे राहील असे मुलांना वाटते. प्रत्यक्षात केवळ योगायोगानेही ते वरखाली होते. मग पहिल्या तासाचा बदल निवडीमुळे झाला की योगायोगामुळे, हे ठरवायचे कसे? अनेक गटांचे आकडे शेजारी मांडले, तर डोळसपणे खेळणाऱ्या गटांत साधारणपणे तेच रंग वाढलेले दिसतील, डोळे बांधलेल्या गटांत मात्र कोणताही रंग पुढे गेलेला असेल. नियंत्रित तुलना म्हणजे काय, हे व्याख्येपेक्षा येथे लवकर समजते. या खेळात नवा रंग कधीच निर्माण होत नाही, म्हणजे उत्परिवर्तन (जनुकांत आपोआप होणारा नवा बदल) नाही, ही उणीवही विद्यार्थ्यांनाच शोधू द्या.

पुराव्याचा प्रश्न रास्त आहे, कारण टिकल्यांचा खेळ यंत्रणा समजावतो, निसर्गात ती घडते हे सिद्ध करत नाही. त्यासाठी इंग्लंडमधील ठिपकेदार पतंगांची (फुलपाखरासारख्या, रात्री उडणाऱ्या कीटकांची) हकीकत सांगावी. मँचेस्टर परिसरात १८४८ मध्ये त्यांचा काळा प्रकार नोंदला गेला. कारखान्यांच्या काजळीने झाडे काळवंडली आणि शतकाअखेरीस तेथे बहुसंख्य पतंग काळे झाले. पुढे हवा स्वच्छ होत गेली, तसे फिकट पतंग पुन्हा वाढले. झाडांवर उठून दिसणारे पतंग पक्षी अधिक खातात, हेच याचे कारण असल्याचे दाखवणाऱ्या ब्रिटिश संशोधक केटलवेल यांच्या १९५० च्या दशकातील प्रयोगांवर आक्षेप घेतले गेले. पतंग सोडण्याची पद्धत नैसर्गिक नव्हती, हा त्यांतील एक. हे आक्षेप मुलांपासून लपवू नयेत. हवा स्वच्छ झाल्यानंतरच्या काळात ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ मायकेल मॅजेरस यांनी केंब्रिजजवळ सहा वर्षे, ४,८६४ पतंग सोडून, ते दोष टाळत प्रयोग पुन्हा केला, आणि काळे पतंग तुलनेने अधिक खाल्ले गेल्याचेच त्यातून दिसले. केटलवेल यांच्या पद्धतीतील दोष आधी विद्यार्थ्यांना शोधायला सांगून मगच मॅजेरस यांचे नाव घेतलेत, तर तासाला रंग चढेल.