रस्ते सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेत करिअर : एका विद्यार्थिनीच्या पत्राला उत्तर

प्रिय विद्यार्थिनीस,

तुमचे पत्र मिळाले. संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असताना रस्ते सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेत काम करावे असे तुम्हाला मनापासून वाटते. मात्र ‘गाडीचे सॉफ्टवेअर दर महिन्याला बदलते आणि नियम व्हायला कित्येक वर्षे जातात, मग तिथे माझे शिक्षण गंजणार तर नाही ना?’ ही धास्ती तुम्हाला आहे.

धास्ती रास्त आहे. नियम मागाहूनच येतो. पण त्याच्या अलीकडे आणि पलीकडे जे काम चालते, तेच तुमच्यासारख्यांचे खरे क्षेत्र आहे.

मोटारीच्या मागच्या काचेपाशी मधोमध लागणारा तिसरा ब्रेकलाइट तुम्ही रोज पाहता. १९७० च्या दशकात अमेरिकेत काही टॅक्सींना तो बसवून आणि बाकीच्या होत्या तशाच ठेवून, मागून बसणाऱ्या धडका मोजण्यात आल्या. १९८६ च्या मॉडेलपासून तेथील नव्या मोटारींना तो सक्तीचा झाला. ‘नित्सा’ या नावाने ओळखली जाणारी तेथील महामार्ग सुरक्षा संस्था पुढेही आकडे तपासत राहिली. तेव्हा असे दिसले, की सुरुवातीला अशा धडका ८.५ टक्क्यांनी घटल्या होत्या, पण नवलाई ओसरल्यावर ही घट ४.३ टक्क्यांवर स्थिरावली. टॅक्सींच्या चाचण्यांत दिसलेला फायदा याहून कितीतरी मोठा होता. स्वतःच्याच नियमाचा परिणाम अपेक्षेपेक्षा कमी निघाला हे मोजून जाहीर करणे मला या पेशातले सर्वांत मोलाचे काम वाटते.

आता तुमच्या विषयाकडे येऊ. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यातील टेम्पी शहरात, चाचणीवर असलेल्या स्वयंचलित गाडीने रात्री सायकल हाताने ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेला धडक दिली आणि तिचा मृत्यू झाला. अपघातांची चौकशी करणाऱ्या तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासात उघड झाले, की गाडीला ती ५.६ सेकंद आधी दिसली होती. पण प्रणाली तिला कधी वाहन, कधी अनोळखी वस्तू, तर कधी सायकल ठरवत राहिली आणि दर वेळी ओळख बदलताच तिच्या आधीच्या हालचालीचा मागोवा टाकून देत राहिली. झेब्रा क्रॉसिंग सोडून माणूस रस्ता ओलांडू शकतो, हे त्या प्रणालीत धरलेलेच नव्हते. मंडळाने दोष केवळ कंपनीला आणि गाडीत देखरेखीसाठी बसलेल्या चालकाला दिला नाही, तर सरकारी देखरेखीतल्या उणिवांवरही बोट ठेवले.

जून २०२१ मध्ये नित्साने आदेश काढून स्वयंचलित आणि प्रगत चालक-साहाय्य प्रणालींच्या ठरावीक अपघातांची माहिती देणे कंपन्यांना बंधनकारक केले. यात तंत्रज्ञान कसे असावे याबद्दल काही सांगितलेले नाही, परंतु नियम लिहिण्याइतके ज्ञान गोळा होईपर्यंत यंत्रणेने डोळे मिटून बसू नये, याची सोय आहे. दर महिन्याला बदलणाऱ्या सॉफ्टवेअरचे उत्तर संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियमावलीतील, २०२१ मध्ये लागू झालेल्या १५६ व्या नियमात सापडते. कोणती आवृत्ती चालेल हे तो ठरवत नाही. कोणत्या गाडीत कोणता बदल गेला आणि त्याने सुरक्षिततेला बाधा येत नाही हे आपण कसे तपासतो, ते उत्पादकाला दाखवून द्यावे लागते. आवृत्त्या कितीही बदलल्या तरी असा नियम शिळा होत नाही, आणि तो लिहायला सॉफ्टवेअर आतून जाणणारी माणसेच लागतात.

तयारी म्हणाल तर प्रोग्रॅमिंग तुम्हाला येतेच, म्हणून राहिलेल्या वर्षात सांख्यिकी नीट शिका. नवी प्रणाली असलेल्या गाड्यांचे अपघात कमी दिसतात ते प्रणालीमुळे, की त्या घेणारे लोक मुळातच जपून चालवतात म्हणून, हा गुंता सोडवता येणारी माणसे थोडी आहेत. पदव्युत्तर शिक्षणासाठी मी मानवी वर्तन आणि यंत्र यांच्या संबंधाचा अभ्यास सुचवीन, कारण गाडी स्वतः चालत असताना माणसाचे लक्ष कसे विरते हा आजचा अवघड प्रश्न आहे. कायद्याची भाषा कामावर शिकता येते. पगार बहुधा खासगी कंपनीपेक्षा कमी असेल आणि फाइल पुढे सरकण्याची वाट पाहावी लागेल, हे घरच्यांशी आताच बोलून घ्या. आधी दोन-तीन वर्षे वाहन कंपनीच्या चाचणी विभागात काढलीत तरी माझी हरकत नाही. कंपनीला कोणता प्रश्न अडचणीचा वाटतो, हे तिथे कळते.

या सुटीत टेम्पीच्या अपघाताचा चौकशी अहवाल मुळातून वाचा. ती गाडी रस्त्यावर उतरण्याआधी सरकारी अधिकाऱ्याने कंपनीला कोणते तीन प्रश्न विचारायला हवे होते आणि उत्तरादाखल कोणती चाचणी मागायला हवी होती, ते एका पानावर लिहून मला पाठवा. पुढचे आपण त्या पानावरून बोलू.

आपला,
करिअर मार्गदर्शक