दर रविवारी कास पठारावर जायला जुनी मोटरसायकल घ्यायचीय. राजदूत ३५० घ्यावी की आरएक्स १००? दुर्मिळ गाडीत जास्त मजा असते का?

दाखवायची मजा राजदूत ३५० मध्ये. पण तुम्ही लिहिलंय तसं दर रविवारी कासला जायचं असेल, तर आरएक्स १०० घ्या. साताऱ्यात जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांचंच काम करतो, दोन्ही हाताखालून गेल्यात. राजदूत ३५० एस्कॉर्ट्स कंपनीनं १९८३ पासून मोजकीच वर्षं बनवली. त्या काळात पेट्रोल पिणारी महागडी गाडी घेणार कोण? आरएक्स १०० मात्र १९८५ ते १९९६ धो-धो खपली. आरएक्सचा पिस्टन, क्लच प्लेटा, केबली आजही मिळतात, म्हणून माणूस कासच्या वाटेवर यवतेश्वरच्या घाटात ती बिनधास्त पिळतो. पडली तर पडली. ३५० चे पार्ट सहजी मिळत नाहीत, म्हणून ३५० वाल्याला वळणावर खडी दिसली की आधी साइड पॅनेल (बाजूचं झाकण) आठवतं. माझ्या एका गिऱ्हाइकानं तर ओरिजिनल पॅनेल टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवलंय, गाडीला डुप्लिकेट. (हसू नका, मीही तेच सांगितलं असतं.) हां, पोवई नाक्यावर थांबल्यावर दोन सायलेन्सरचा आवाज ऐकून जी माणसं गोळा होतात, ते सुख आरएक्सवाल्याच्या नशिबी नाही. आणि पार्ट हुडकत पुणे-कोल्हापूर हिंडण्यातच तुम्हाला रस असेल, तर वरचं सगळं विसरा, ३५० च घ्या. फक्त इंजिन नंबर आरसी बुकाशी जुळतोय का ते स्वतः बघून मगच पैसे मोजा.