रीमॅपनंतर डीएसजी धक्के देतेय? मेकॅट्रॉनिकला हात लावण्याआधी टॉर्कचा आकडा बघा

भाऊ, तुम्ही लिहिलेलं आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. गाडी ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय, सात गिअरची ड्राय क्लच डीएसजी (दोन सुक्या क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), पुण्यात स्टेज १ रीमॅप केलेली, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधली फाइल बदलून ताकद वाढवलेली. सोलापुरात सात रस्त्याच्या सिग्नलला वेग कमी करताना दुसऱ्यातून पहिल्यात येते तेव्हा ठक्क आवाज. शिवाय जोरात ॲक्सिलरेटर दिला की पहिला-दुसरा आणि तिसरा-चौथा बदलताना झटका, दुपारच्या उन्हात जास्तच. गॅरेजवाल्याने लॅपटॉप न लावताच 'मेकॅट्रॉनिक गेलं' म्हणून सांगितलं, म्हणजे गिअर आणि क्लच चालवणारं गिअरबॉक्समधलं हायड्रॉलिक-इलेक्ट्रॉनिक युनिट.

मला वाटत नाही. निदान झटक्याचं मूळ तरी फाइलमध्ये असण्याची शक्यता जास्त.

तुमचा गिअरबॉक्स म्हणजे डीक्यू२००. त्याची ठरलेली मर्यादा २५० न्यूटन मीटर. आणि तुमचं इंजिन कंपनीतून बाहेर पडलं तेच १८० पीएस आणि २५० न्यूटन मीटर घेऊन. म्हणजे कागदावर वाढवायला जागाच नव्हती. स्टेज १ वाले तीनशेच्या पुढचे आकडे सर्रास सांगतात, ते कुठून येतात ते क्लचलाच विचारावं लागेल.

आता मुद्द्याची गोष्ट. या गिअरबॉक्सचा कंट्रोलर इंजिनचा टॉर्क स्वतः मोजत नाही. ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, त्याला कॅन लाइनवरून (गाडीतले कॉम्प्युटर जोडणारी तार) सांगतो की आत्ता इतका टॉर्क आहे, आणि त्यावर विसंबून तो क्लच किती जोराने दाबायचा ते ठरवतो. गिअर बदलायच्या क्षणी तो उलट ईसीयूला सांगतो, जरा टॉर्क उतरव. मग ईसीयू इग्निशन (ठिणगीची वेळ) मागे घेतो, एक क्लच सुटतो, दुसरा धरतो. फाइल बनवणाऱ्याने हे सगळं गणित पुन्हा न मांडता नुसता बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) वाढवला आणि टॉर्कचा आकडा जुनाच दाखवत ठेवला, तर क्लचचा दाब २५०च्या हिशोबाने बसतो आणि प्रत्यक्षात टॉर्क येतो त्याहून बराच जास्त. मार्केट यार्डात हमालाला चाळीस किलो सांगून पन्नास किलोचं कांद्याचं पोतं पाठीवर टाकल्यासारखं. तो लडखडणारच, पण त्यात त्याच्या गुडघ्याचा दोष नाही.

हे पकडायचं कसं? व्हीसीडीएस किंवा ओबीडीइलेव्हन (गाडीचे कॉम्प्युटर वाचायची साधनं) असलेला कोणी गाठा, सोलापुरात आता मिळतात. पहिली अट, बिघाडाचे कोड वाचून त्यांचे फोटो काढल्याशिवाय काहीही क्लिअर करू द्यायचं नाही. बरेच जण आधी अ‍ॅडॅप्टेशन रिसेट मारतात (गिअरबॉक्सने शिकलेली क्लचची मापं पुसतात), चार दिवस गाडी लोण्यासारखी चालते, मग पुन्हा तेच, आणि पुरावाही गेलेला असतो. त्यानंतर पहाटे हैदराबाद रोडला बोरामणीच्या पुढे मोकळा पट्टा बघून लॉग, म्हणजे चालत्या गाडीतल्या आकड्यांची नोंद, घ्या. लॅपटॉप शेजारच्या सीटवरच्या माणसाकडे, तुमची नजर रस्त्यावर. इंजिनचे आरपीएम, दोन्ही क्लचमागच्या इनपुट शाफ्टचे आरपीएम, मागितलेला बूस्ट, मिळालेला बूस्ट, ईसीयूने सांगितलेला टॉर्क आणि गिअरबॉक्सचं तापमान, एवढं एकाच लॉगमध्ये पाहिजे.

मॅन्युअल मोडमध्ये चौथा गिअर धरा, दोन हजार आरपीएमपासून पूर्ण ॲक्सिलरेटर. मग तेच पाचव्यात. चौथ्यात क्लच दोन काम करतो, पाचव्यात क्लच एक. या गिअरबॉक्समध्ये १, ३, ५, ७ हे क्लच एकवर आणि २, ४, ६, रिव्हर्स हे क्लच दोनवर असतात. इंजिनचे आरपीएम त्या त्या इनपुट शाफ्टच्या वर सरकले की क्लच घसरतोय. आणि बूस्ट चढत असताना टॉर्कचा आकडा २५०ला चिकटून सपाट राहिला, तर फाइल खोटं बोलतेय. असा आलेख दिसला की गॅरेज सोडा, थेट ट्यूनरला पाठवा. भले ट्यूनर चिडेल, चिडू दे.

तुमचे दोन्ही झटके विषमातून सम गिअरमध्ये जातानाच येतात, हे तुम्ही नीट टिपलंत. त्या वेळी क्लच दोन धरत असतो. म्हणून एक साधी चाचणी आजच करा. गाडी गरम असताना हलक्या चढावर रिव्हर्समध्ये अगदी हळू घ्या. थरथर जाणवली तर क्लच दोनच्या घर्षणाच्या पृष्ठभागावर संशय घ्यायला जागा आहे. रिव्हर्स गुळगुळीत आणि झटका फक्त जोर दिल्यावरच, तर मी पुन्हा फाइलकडेच बोट दाखवीन. सगळ्यात पक्की कसोटी मात्र ट्यूनरकडून मूळ फाइल परत टाकून घ्यायची आणि अ‍ॅडॅप्टेशन करून आठवडाभर चालवायची. यात एकही पार्ट विकत घ्यावा लागत नाही.

मेकॅट्रॉनिक खरंच बिघडतं तेव्हा ते असं फक्त जोरावर कुरकुरत नाही. हायड्रॉलिक दाब टिकत नाही, पी१७बीएफ किंवा पी१८९सी असे कोड येतात, गिअरचं चिन्ह लुकलुकतं, गाडी अर्ध्या रस्त्यात गिअर सोडते. याच डीक्यू२००च्या बाबतीत फोक्सवॅगनने २०१३ साली जगभर रिकॉल केलं होतं, सिंथेटिक तेल काढून मिनरल घालायला, तेव्हा उष्ण आणि दमट हवेचा उल्लेख होता. त्यामुळे मेकॅट्रॉनिकवर संशय घेणं अगदीच अडाणीपणाचं नाही, पण कोडशिवाय घेतलेला संशय महागात पडतो. कोणी 'गिअर ऑइल बदला, धक्के जातील' म्हणालं तर तेही सोडून द्या. दर साठ हजार किलोमीटरला तेल-फिल्टरचा नियम सहा गिअरच्या वेट क्लच डीक्यू२५०चा. तुमचे क्लच तेलात बुडालेले नाहीत.

सिग्नलवरच्या ठक्क आवाजाचं कारण मला वेगळंच वाटतं. गाडी उभी करून, ब्रेक घट्ट दाबून डी आणि आर आलटून पालटून टाका आणि कोणाला तरी बॉनेट उघडून बाजूने बघायला सांगा, गाडीच्या समोर उभं राहायचं नाही. इंजिन खूप डुलत असेल तर खालचा माउंट (इंजिनला धरणारा रबरी आधार) बघा. आपल्या मे महिन्याच्या उन्हात रबर तसंही कडक होतं, त्यात वाढलेला टॉर्क रोज त्याला पिळतो. इंजिन बंद करताना खडखड येत असेल तर संशय ड्युअल मास फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनचे हादरे शोषणाऱ्या दोन भागांच्या चाकावर.

इंजिनाच्या बाजूने प्लग, कॉइल आणि बूस्ट लीक तपासून घ्या. फाइल जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलवर लिहिली असेल आणि टाकीत त्याहून कमी ऑक्टेनचं असेल, तर उन्हात नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटणं) टाळायला ईसीयू टायमिंग मागे ओढत राहतो आणि टॉर्क वर-खाली होतो. तुमच्या दुपारच्या तक्रारीमागे हेही असू शकतं.

गड्डा यात्रेच्या गर्दीत किंवा तुळजापूर घाटात ट्रकमागे ब्रेक अर्धवट दाबून सरपटू नका. तेव्हा क्लच अर्धा धरलेला असतो आणि सुक्या क्लचला थंड करायला तेल नाही. पुढे जागा होऊ द्या, ब्रेक पूर्ण दाबून उभे राहा, मग सरका.

आणि फाइल ठेवायचीच असेल, तर ट्यूनरला टॉर्क २५०च्या आसपास बांधून मागा, पण तो वरच्या आरपीएमपर्यंत टिकवायला सांगा. क्लचवर ताण टॉर्कचा येतो, पीएसचा नाही. २५० न्यूटन मीटर सहा हजार आरपीएमपर्यंत टिकला तर हिशोबाने सुमारे २१४ पीएस होतात. खालच्या आरपीएमचा पाठीत बसणारा दणका जाईल, पण हायवेवर ओव्हरटेकला गाडी वेगळीच लागेल.

लॉग इथे टाकाल तेव्हा दोन्ही टाका, सकाळचा आणि दुपारी दोनचा.