वाचकांचे प्रश्न : पट्टेरी दलदल, तिचं पाणी आणि कोकोपीट

प्रश्न : मिनेसोटाच्या उत्तरेला रेड लेकजवळच्या दलदलीचं उपग्रहचित्र पाहिलं. एकाशेजारी एक असे वळणदार पट्टे दिसतात. कोणी नांगरलंय का?
– एक वाचक, मिनियापोलिस

उत्तर : पट्टे निसर्गाचे आहेत. त्याच चित्रात ज्या पट्टीने आखल्यासारख्या सरळ रेषा दिसतात, ते मात्र माणसाने खणलेले चर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे शेती करायच्या उमेदीने ते खणले गेले. दलदल आटली नाही, शेतीही फारशी झाली नाही, चर तेवढे राहिले.

ही सगळी जागा म्हणजे हिमयुगाच्या अखेरीस आटलेल्या ॲगसी सरोवराचा तळ. उतार इतका कमी की जमीन सपाटच वाटते, तरी पाणी हळूहळू सरकत असतं. पट्टे नेहमी त्या प्रवाहाला आडवे असतात. उंच पट्टा म्हणजे बांध आणि दोन बांधांमध्ये पाण्याचा उथळ खळगा. डोंगरउतारावरची भातखाचरं डोळ्यांपुढे आणा, फक्त इथे बांध घालणारं कोणी नाही. एखादी जागा वीतभर उंच झाली की तिथे झुडपं आणि शेवाळ जोमाने वाढतं, मेलेल्या वनस्पतींचा थर, म्हणजे पीट, लवकर साठतो. खळग्यात वाढ कमी, म्हणून भरही कमी. बांधामागे अडलेलं पाणी आडवं पसरतं, त्यामुळे बांधही आडवाच लांबत जातो. यात कुठल्या कारणाचा वाटा किती, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही.

बांधावर खुजा बर्च आणि टॅमरॅक ही झाडं, खळग्यात बारीक पात्याचं सेज गवत, बकबीन ही पाणवनस्पती आणि कीटकभक्षी युट्रिक्युलेरिया. वॉस्किश गावाजवळ, याच दलदलीतल्या बिग बॉगमध्ये सुमारे दीड किलोमीटरची पायवाट आहे. तिच्यावरून पट्टे दिसतील अशी अपेक्षा ठेवू नका, ते वरूनच कळतात. स्फॅग्नम शेवाळात रुतलेले, कीटक पकडणाऱ्या सॅरासेनियाचे पेले मात्र जरूर बघा.

प्रश्न : उत्तर फिनलंडमधल्या पट्टेरी दलदलीत पाणी तपासते आहे. पीएच ४.० आणि विद्युतवाहकता ४८ मायक्रोसिमेन्स आली. केवळ पावसावर जगणाऱ्या दलदलीत इतके क्षार कसे?
– एक विद्यार्थिनी, ओउलू

उत्तर : क्षार तेवढे नाहीतच. आम्ल पाण्यात हायड्रोजन आयन स्वतःच वीज वाहून नेतात. पीएच ४ ला त्यांचा वाटा २५ अंश सेल्सिअसला सुमारे ३५ मायक्रोसिमेन्स असतो. तो वजा केला की उरतात १३. पीएच ५ ला हाच वाटा जेमतेम ३.५. म्हणून पीएच न लिहिता नुसती वाहकता लिहिण्यात अर्थ नाही. पीएच मीटर आधी पीएच ४ आणि ७ च्या प्रमाणित द्रावणांवर जुळवून घ्या. इतके कमी क्षार असलेल्या पाण्यात आकडा सावकाश स्थिरावतो, घाई केलीत की चुकीचा वाचाल.

नमुना कुठून घेतला, हे त्याहून महत्त्वाचं. तुमच्याकडे बांधाच्या माथ्यावरचं शेवाळ पावसावर जगतं, पण हाताच्या अंतरावरच्या खळग्यात आजूबाजूच्या खनिज जमिनीतून आलेलं पाणी असतं. दोन्ही एका बाटलीत मिसळलं तर येणारा आकडा ना बांधाचा ना खळग्याचा. पाण्याची पातळी मोजताना फळीवर उभ्या राहा. पायाखाली पीट दबतं, पाणी वर आल्यासारखं दिसतं आणि नोंद बिघडते.

पीट किती कुजलंय हे पाहायला स्वीडिश भूशास्त्रज्ञ फोन पोस्ट यांची मुठीची पद्धत अजून चालते. तिच्यात एच १ म्हणजे न कुजलेलं, एच १० म्हणजे पूर्ण कुजलेलं. ओलं पीट मुठीत घट्ट दाबा. बोटांमधून रंगहीन पाणी आलं तर एच १. गढूळ तपकिरी पाण्याबरोबर थोडं पीट निसटलं तर एच ५. दोन तृतीयांश निसटलं तर एच ८. सगळा लगदाच बाहेर आला आणि मूठ रिकामी राहिली तर एच १०. खोलीनुसार नोंदी करा. वरचे थर सहसा कमी कुजलेले मिळतील.

प्रश्न : कास पठारावरही दवबिंदू आणि सीतेची आसवं या कीटकभक्षी वनस्पती फुलतात. मग तिथे पीट का नाही?
– एक वाचक, सातारा

उत्तर : कीटकभक्षी वनस्पती जमिनीत नत्र कमी असल्याची खूण आहे, पीटची नव्हे. कासला जांभ्यावर मातीचा पातळ थर आहे. पावसाळा सरला की तो वाळतो, हवा आत शिरते आणि मेलेलं सगळं कुजून जातं. पीट साठायला जमीन बारमाही भिजलेली लागते.

प्रश्न : कुंडीतल्या दवबिंदूला पीटऐवजी कोकोपीट चालेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नावात पीट असलं तरी तो नारळाच्या सोडणाचा भुसा. चालेल, पण त्यात मीठ आणि पोटॅशियम असतं. पावसाच्या किंवा आरओच्या पाण्यात रात्रभर भिजवून पिळा, पाणी बदलून तीन-चार वेळा हेच करा. झाडालाही तेच पाणी घाला. बोअरच्या जड पाण्याने ते हळूहळू मरतं. खत अजिबात नको, मुळं करपतात.