गंधरस म्हणजे अत्तर का?

गुरुवार पेठेत मुलांची नाताळची गाणी बसवणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. बाळ येशूला आणलेल्या भेटींच्या, 'सोने, ऊद, गंधरस' या शब्दांपाशी मुलं अडतात, गंधरस म्हणजे काय ते त्यांना कळत नाही. त्या जागी 'अत्तर' घातलं तर चालेल का?

नको. मात्रांचं सोडा, गंधरसाच्या पाच, अत्तराच्या चार, चालीत ओढून बसवता येईल. पण अर्थाचा पार विचका होईल.

शब्द फसवा आहे, हे मान्य. गंध ओळखीचा, रस ओळखीचा, म्हणून बाटलीतलं काहीतरी सुवासिक पातळ डोळ्यांपुढे येतं. खरं तर तो झाडाचा चीक आहे, वाळून खडा झालेला. आणि बायबल मराठीत आणणाऱ्यांनी हा शब्द नव्याने जुळवलेला नाही. अमरकोशाच्या वैश्यवर्गात 'बोलगन्धरसप्राणपिण्डगोपरसाः समाः' अशी ओळ आहे. बोल आणि गंधरस एकच. हा बोल म्हणजे आपला बोळ, हिराबोळ. बाळंतिणीला गुळातून द्यायचे तोच.

मागे बोहरी आळीतल्या एका काष्ठौषधींच्या दुकानातून मुद्दाम थोडा आणला होता. तांबूस-तपकिरी, धूळ बसल्यासारखे खडे. फोडला की आत तेलकट चकाकी. वास चांगला, थोडा देवळातला, थोडा दवाखान्यातला. कण जिभेवर ठेवला मात्र, तोंड वाकडं झालं ते चहानेही सरळ होईना. आई म्हणाली, "बाळंतिणीला उगाच नाही गुळात लपवून देत!" हा कडूपणा नावातच आहे: हिब्रूत मोर, अरबीत मुर्र, आणि अरबीत मुर्र म्हणजे सरळ 'कडू'.

आता गाण्याकडे. बायबलच्या जुन्या करारात, यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या ६०व्या अध्यायात दूरदेशचे लोक सोने आणि ऊद घेऊन येतील असं म्हटलंय. तिथे दोनच वस्तू आहेत. नव्या करारात येशूची चार चरित्रं आहेत, त्यांतल्या मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात पूर्वेकडचे ज्ञानी बाळ येशूपुढे थैल्या सोडतात तेव्हा तिसरी वस्तू निघते, गंधरस. (ते राजे होते किंवा तिघे होते, असं मत्तय म्हणत नाही. भेटी तीन म्हणून माणसं तीन, हा नंतरचा हिशेब.) ही तिसरी भेट कशाला, हेही तो सांगत नाही. पण दुसऱ्या शतकातल्या इरेनियस या ख्रिस्ती धर्माचार्याने लावलेला अर्थ पुढे रुळला: सोनं राजाला, ऊद देवाला, आणि गंधरस जो मरणार आहे त्याला.

हा अर्थ हवेतून काढलेला नाही. मार्काने लिहिलेल्या चरित्रात क्रूसापाशी येशूला गंधरस घातलेला द्राक्षारस देऊ करतात आणि तो घेत नाही. योहानाच्या चरित्रात निकदेम नावाचा माणूस त्याच्या दफनासाठी गंधरस आणि अगरू हे सुवासिक द्रव्य आणतो, १०० लित्रा, म्हणजे ३० किलोंच्या वर. जॉन हेन्री हॉपकिन्स यांनी १८५७ साली अमेरिकेत तीन राजांचं जे इंग्रजी गाणं रचलं, त्यात प्रत्येक भेटीला वेगळं कडवं आहे, आणि गंधरसाच्या कडव्यात थेट गार दगडी कबर येते. बाळाच्या बारशाला कुणी कफन आणावं, तशी ही भेट. तिथे अत्तर शिंपडलं की उरतं ते लग्नघर.

मराठी कानाला यात आणखी एक गोष्ट ऐकू येते. घरात बाळ आहे, म्हणजे बाळंतीणही आहे, आणि पाहुण्यांनी बोळ आणलाय. आपल्याकडच्या कुठल्याही आजीला ही भेट बाळाच्या आईसाठी, मरियेसाठीच आहे असं वाटेल. मत्तयाच्या मनात हे नव्हतं; हे वाचन माझं आहे. पण एकच खडा बाळंतिणीच्या खोलीत आणि कबरीतही, हे मराठीत जितकं सहज दिसतं तितकं इंग्रजीत दिसत नसावं.

ऊदही थोडा सरकलेला शब्द आहे बरं का. अरबीत ऊद म्हणजे अगरूचं लाकूड. आपण निखाऱ्यावर राळ टाकतो आणि तिला ऊद म्हणतो. पण धूर, वास, देवापुढे, एवढं मुलांना कळतं. ते राहू द्या.

तर ताई, गंधरसच ठेवा आणि तालमीला एक खडा घेऊन जा. सगळ्यांना हुंगायला द्या. आणि सोपा म्हणून नुसता 'बोळ' शब्द मात्र घालू नका. पेठेतली पोरं आहेत. ज्ञानी लोक बोळ घेऊन आले म्हटल्यावर पहिला प्रश्न येईल, कुठला, कोपऱ्यावरचा का?