वाचकांचे प्रश्न : क्रिकेट कार्डांच्या लिलावातले विचित्र बोलीदार

प्रश्न : १९३८च्या 'प्लेअर्स क्रिकेटर्स' या ५० सिगारेट कार्डांच्या (सिगारेटच्या पाकिटात मिळणाऱ्या चित्रांच्या) संचासाठी मी ईबेवर शेवटच्या दहा सेकंदांत ४० डॉलर बोली लावली. तोवर भाव ३१ होता. क्षणात ४१ झाला आणि संच दुसऱ्याला गेला. समोरचा इतक्या झटकन बोलतो कसा?
— एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : त्या क्षणी तो बहुधा झोपला असेल. आपला कमाल आकडा, समजा ६० डॉलर, त्याने आधीच भरून ठेवला होता. तो कोणाला दिसत नाही. दुसरी बोली आली की यंत्रणा त्याच्या वतीने लागेल तेवढंच चढवते. २५ ते ९९.९९ डॉलरच्या टप्प्यात पायरी १ डॉलरची, म्हणून तुमच्या ४० वर ४१.

शेवटच्या क्षणी बोलणं चूक नाही. लासलगावला पुढची बोली यायची थांबली की माल सुटतो. ईबेवर घड्याळ संपलं की लिलाव संपला. त्यामुळे उशिरा बोलणाऱ्याला उत्तर द्यायला इतरांना वेळच उरत नाही. अ‍ॅमेझॉनच्या जुन्या लिलावांत उशिरा बोली आली की मुदत वाढायची. तिथे ही धावपळ बरीच कमी होती, असं अर्थशास्त्रज्ञ रॉथ आणि ओकेनफेल्स यांनी २००२ मध्ये दाखवलं. चुकला तो तुमचा आकडा. खरोखर जास्तीत जास्त द्यायची तयारी आहे तेवढाच भरा, आणि तोही ६०.३७ असा अडनिडा. बोली लावताना दिसणाऱ्या भावाच्या एक पायरी वर जावं लागतं, पण लपलेल्या कमाल आकड्याला काही सेंटांनीही मागे टाकता येतं. आकडे सारखे झाले तर आधी बोलणारा जिंकतो. ब्रिटनमधल्या विक्रेत्याचा लिलाव तिथे रात्री आठला संपत असेल, तर आपल्याकडे उन्हाळ्यात साडेबारा आणि हिवाळ्यात दीड वाजलेला असतो. गजर लावा.

प्रश्न : एक जण चार मिनिटांत नऊ वेळा एकेक डॉलर चढवतो आणि मग गप्प होतो. हा वेडा की विक्रेत्याचा माणूस?
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : बहुतेक वेळा नवखा. आपण पुढे गेलो की नाही हे चाचपत वर सरकतो. पण बोलींचा इतिहास उघडून बघाच. नाव झाकलेलं असलं तरी त्याच्या गेल्या ३० दिवसांच्या बोलींपैकी किती टक्के याच विक्रेत्याकडे आहेत आणि किती बोली मागे घेतल्या, हे दिसतं. बऱ्याच वस्तूंवर बोललाय, जवळपास सगळ्या एकाच विक्रेत्याच्या, आणि जिंकतोय क्वचित, तर दूर राहा. एकाच वस्तूवर बोललेल्याचे शंभर टक्के मात्र काहीच सांगत नाहीत.

मागे घेतलेल्या बोली जास्त घातक. कोणी ५०० डॉलर टाकतो, भाव तुमच्या कमाल आकड्याच्या वर चढतो, म्हणजे तुमचा आकडा उघडा पडतो. मग 'चुकून शून्य जास्त पडलं' म्हणत तो बोली मागे घेतो आणि तुमच्या आकड्याच्या जरा खालपर्यंत पुन्हा बोलतो.

प्रश्न : लिलाव हरलो, दोन दिवसांनी विक्रेत्याने तोच संच मला देऊ केला. घ्यावा का?
— एक वाचक, सिडको

उत्तर : ही 'दुसरी संधी' तुमच्या कमाल बोलीच्या किमतीलाच येते. तिथपर्यंत भाव कोणी नेला ते आधी बघा. जिंकूनही पैसे न भरणाऱ्यानेच नेला असेल, तर नाकारा आणि संच पुन्हा लिलावाला येतो का ते पाहा.

प्रश्न : पुनर्मुद्रित संचांनाही लोक जुन्यांचा भाव का देतात?
— एक वाचक, सातपूर

उत्तर : फोटोत फरक कळत नाही म्हणून. ३६ × ६८ मिमी हे माप नकलेचंही जुळू शकतं. विक्रेत्याकडे अंधारात अतिनील टॉर्चखालचा फोटो मागा. कागद निळसर-पांढरा चमकला तर तो १९३८चा नाही, कारण चमक आणणारी रसायनं कागदात साधारण १९५० नंतर आली. न चमकणाऱ्याची खात्री मात्र एवढ्यावर धरू नका.